ऐकू येत नाही, एवढंच

१० जुलै २०२५, गुरुवार. गावी

आई आज तिसऱ्या फेरीवर गेलीच नाही.

आषाढी पौर्णिमा, तीन महिन्यांच्या वर्षावासाचा पहिला दिवस. विहारात साठ-सत्तर माणसं. आई पुढे बसून त्रिशरण म्हणत होती. बत्तीस वर्षं आमच्या विहारात तीच म्हणते. ती एक ओळ म्हणते, मागून सगळे म्हणतात. अशा तीन फेऱ्या. पहिली झाली. दुसरी, 'दुतियम्पि'ची, झाली. मग तिसरी, 'ततियम्पि'ची, यायला हवी, तर आईने पुन्हा 'दुतियम्पि' सुरू केलं. मला वाटलं, चुकली, सावरेल. लोकांनी मागून म्हटलं. ती फेरी संपली आणि पुन्हा 'दुतियम्पि'. लोकांनी पुन्हा म्हटलं! सत्तर माणसांत एकानेही थांबवलं नाही. पारूआक्का म्हणतेय म्हणजे बरोबरच असणार. मागे दोन पोरी खुदखुदल्या, त्यांना कुणीतरी चापट मारली.

चौथ्यांदाही तेच सुरू झालं. राजाराम तात्यांनी – विहाराचे अध्यक्ष, एसटीतले रिटायर मेकॅनिक – मोठ्याने 'ततियम्पि' म्हटलं आणि सगळ्यांना पुढे ओढून नेलं. आई त्यांच्यामागून म्हणत गेली. मान वर केली नाही. पुढे पंचशील तिनेच म्हटलं, एकही चूक नाही.

खीर वाटताना तात्या माझ्याजवळ आले. "क्रांते, आक्काचं कान गेल्यात गं. मागनं लोक काय म्हनत्यात त्येच तिला ऐकू येत न्हाई. मग कुठवर आलो, कळायचं कसं?"

मी तात्यांच्या पाया पडले. त्यांना कळेना का.

११ जुलै

कान असू देत. फक्त कान.

१३ जुलै, रविवार. सांगली

आईला घेऊन आले. 'आठ दिवसांसाठी' म्हटलं. तिने चार साड्या घेतल्या आणि घराची किल्ली ब्लाऊजमध्ये.

धाकट्या भावाचा, कपिलचा, पुण्याहून फोन. विहारातलं त्याला कुणीतरी कळवलंच. "ताई, मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून ती शेजारी गेली होती. आता एकटीला ठेवायचं नाही. घराला कुलूप लावू, इकडे घेऊन येतो." त्याचं घर चौथ्या मजल्यावर. तो आणि त्याची बायको अक्षता दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात. आई दिवसभर काय करणार तिथे? खिडकीतून कुणाला हाक मारणार?

"ऐकू येत नाही रे, एवढंच," मी म्हटलं. "गॅसचा आवाज ऐकू आला नाही तिला."

"गॅसला कुठे आवाज असतो, ताई?"

असतो. सूं असा असतो. मी फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन ऐकला.

१८ जुलै

मिरजेत कानांची तपासणी. काचेच्या खोलीत आईला बसवलं, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. "आजी, आवाज आला की दाबायचं." आई दाबतच राहिली. आवाज नसतानाही! तपासणारी मुलगी हसली – "अहो आजी, परीक्षा नाहीये ही!" आईला तेही ऐकू आलं नाही. काचेतून तिचा चेहरा दिसत होता. माझ्या वर्गात उत्तर येत नसताना हात वर करणारी मुलं असतात ना, तसा.

तीनदा तपासणी करावी लागली. दोन्ही कान बरेच गेलेत, उजवा जास्त. मशीन लावावं लागेल.

रिक्षात मला रडू आलं. आनंदाने! आई बहिरी निघाली म्हणून आनंदाने रडणारी मुलगी मी एकटीच असेन. आई माझ्या मांडीवर थापटत म्हणाली, "आगं, कानच हायत. त्यात काय रडायचं?"

ती मुलगी म्हणाली होती – ऐकू कमी आलं की माणसं बोलणं टाळतात, घोळक्यात बसेनाशी होतात, मग मेंदूही सुस्तावतो, विसरायला होतं. हे सगळं मी कपिलला शब्दशः सांगितलं. अजून एक वाक्य ती बोलली होती – कधीकधी दोन्ही बरोबर चालू असतात, सुरुवातीला वेगळं ओळखता येत नाही. ते सांगायचं राहिलं. आत्ता लिहिताना आठवलं.

२४ जुलै

मशीन आलं! दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढं.

"लय कालवा हाय गं तुज्या घरात." फ्रीज घुमतो हे तिला आज कळलं. पंख्याकडे कितीतरी वेळ बघत बसली. सृष्टी – माझी लेक, अकरावीत – माझ्या कानात कुजबुजली, "आजीची भाकरी जाड झालीय." तर शेगडीकडे तोंड करून उभी असलेली आई म्हणते, "मग तू थाप की बये बारीक! बघू तरी तुजं हात."

आम्ही तिघी किती हसलो. सृष्टीने खरंच एक थापली, तिचा नकाशा झाला.

कपिलला फोन केला. "बघ!" तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ देत, ताई." कुणाच्या आनंदावर पाणी कसं ओतावं, ते याच्याकडून शिकावं.

२ ऑगस्ट

एक गोष्ट लक्षात येतेय.

लोक घरात मशीन काढून ठेवतात आणि पाहुणे आले की घालतात. सेल वाचवतात, ठेवणीतल्या लुगड्यासारखं जपतात. आईचं उलटं आहे. घरात दिवसभर घालते. दारावरची बेल वाजली की काढते.

आज वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. चांगल्या आहेत, फार बोलतात, तेही ओरडून. "मुक्काम किती दिवस? नातवंडं किती तुम्हाला? मिस्टर कशात होते?" आईने कानाकडे बोट दाखवून हसून मान हलवली. काकूंनी मग सगळं मलाच विचारलं, आईसमोर, आई नसल्यासारखं.

मशीन आईच्या मुठीत होतं. चालू मशीन मुठीत धरलं की बारीक शिटी वाजते. काकू म्हणाल्या, "कुठे कुकर लावलाय का?"

त्या गेल्यावर मी विचारलं, का काढलंस? "कान दुकत हुता."

९ ऑगस्ट

सृष्टीने पाटी आणली. पांढरी, पेनने लिहायची. "आजीला कान दुखतो तर लिहून विचारू." आई रात्रीच्या साक्षरता वर्गात शिकलेली. मोठं अक्षर सावकाश पण नीट वाचते. सृष्टीने लिहिलं – 'सकाळची बी.पी.ची गोळी घेतलीस का?'

आईने पाटी लांब धरली, जवळ धरली. "चष्मा कुटं ठेवलाय कुनास ठाऊक."

पदराखालून चष्म्याची काडी दिसत होती.

मी गोळी आणून तिच्या हातावर ठेवली. तिने चष्मा का लपवला असेल, ते आज लिहीत नाही.

१४ ऑगस्ट

कपिलच्या हट्टाने मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. साठीच्या बाई, अजिबात घाई न करणाऱ्या. त्यांनी आज वार कोणता, महिना कोणता ते विचारलं. तीन शब्द दिले – कंदील, बैल, तुळस – आणि पाच मिनिटांनी परत विचारले. घड्याळ काढायला सांगितलं.

"ऐकू येत न्हाई वो डाक्टरीनबाई."
"आजी, कं-दी-ल."
"व्हय, लाईट जाती आमच्याकडं बी."

घड्याळाच्या वेळी – "मी काय शाळंत गेले व्हय? आमाला दिस डोईवर आला की जेवायचं."

डॉक्टर हसल्या. मीही हसले. तीसपैकी अकरा.

बाहेर आल्यावर तिच्या पिशवीत गोळ्या ठेवायला हात घातला तर रुमालाच्या गाठीत मशीन. दोन्ही! मी तशीच पळत आत गेले. "डॉक्टर, तिने मशीन घातलंच नव्हतं! हे मार्क धरू नका." त्या म्हणाल्या, "नाही धरत. महिन्याने मशीन घालून आणा." मी दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "का काढून ठेवलं असेल त्यांनी?"

"विसरली असेल," मी म्हटलं.

जिन्यात आले तेव्हा कळलं मी काय बोलले ते.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन. सूत्रसंचालन करताना मुख्याध्यापकांचं नाव मला क्षणभर आठवेना. सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतेय.

३१ ऑगस्ट, रविवार

आज लिहायलाच हवं.

सृष्टी क्लासला, मी भाजीला. अकराच्या सुमाराला परत आले. दार नुसतं लोटलेलं. आत आईचा आवाज. मला वाटलं, कुणी आलंय.

कुणी नव्हतं. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती, पाठमोरी. दोन्ही कानांत मशीन. समोर काडेपेटीतल्या तीन काड्या. त्रिशरण म्हणत होती, हळू आवाजात. पहिली फेरी झाली, एक काडी डावीकडे सरकवली. दुसरी झाली, दुसरी काडी सरकवली. मग तिसऱ्या काडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली – 'दुतियम्पि'. थांबली. काड्यांकडे बघत राहिली. तिन्ही परत एका ओळीत लावल्या. पुन्हा पहिल्यापासून.

मी चार वेळा ऐकलं. एकदा बरोबर आलं. तेव्हा तिने स्वतःशीच मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी. पुढच्या वेळी पुन्हा चुकलं.

माझ्या हातातली पिशवी सळसळली आणि आईने मागे वळून पाहिलं. तेवढा आवाज तिला ऐकू आला.

"ऐकू येतंय तुला," मी म्हटलं.
"येतंय."
"मग माणसं आली की का काढतेस?"

तिने काड्या गोळा करून पेटीत भरल्या. एकेक करून.

"ऐकू आलं म्हंजी जबाब द्यावा लागतो. जबाब घावत न्हाई गं मला, क्रांते. तोंडाशी येतो आन् जातो. त्या वरच्या बाईनं इचारलं नातवंडं किती. मला सृष्टी दिसत हुती समूर. कपिलचं पोरगं दिसना. त्याचं नावच घावना."

मी तिच्याजवळ बसले. भाजी सगळी फरशीवर.

"आई, मला सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू? भैरी म्हनत्यात तर म्हनू देत. भैऱ्या मानसाशी लोक जोरात बोलत्यात. खुळी म्हनलं की बोलतच न्हाईत. म्या बघितलंय." आणि मग माझ्याकडे न बघता – "तुज्या आजीला मी कडी लावून जायची रानात."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"तीन वरसं. बाहेरनं कडी. सुटली की वढ्याकडं पळायची, कपडं काढायची. लोक हसायची. तुजा बा मिलट्रीत. मी एकली, दोन पोरं, दुसऱ्याच्या रानात मजुरी. काय करनार हुते? आत भाकरी-पानी ठिवायची आन् कडी घालायची. ती आतनं म्हनायची, पारू, मी शानी हाय गं. पारू, दार काढ."

ती रडली नाही. माझा हात धरला. तिची पकड अजून रानातल्या बाईची आहे, सोडवून घेता येत नाही.

"मला कडी नगं लावू."

१ सप्टेंबर

मला आठवतं. राहीबाई आजी, बाबांची आई. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेतून आले की आतून दार वाजायचं. "कोन हाय? क्रांती हाय व्हय? काढ गं बाळ." आईने सांगितलेलं, 'मी येईपर्यंत कडी काढायची नाही.' मी ओट्यावर बसून मोठमोठ्याने पाढे म्हणायचे, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

चाळीस वर्षं होत आली. कुणालाही सांगितलेलं नाही. वहीतही आज पहिल्यांदा.

२ सप्टेंबर

कपिलचं घर. सकाळी आठला ते दोघं जाणार. दाराला लॅच आहे. बाहेरून ओढलं की लागतं.

१८ सप्टेंबर

मशीन घालून गेलो. आईने स्वतःहून घातलं. रिक्षात विचारलं, "आज पन घड्याळ काडायला लावतील?" म्हटलं, लावतील. बोटाने मांडीवर गोल काढत राहिली मिरजेपर्यंत.

तीसपैकी एकोणीस.

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. ऐकू आल्यामुळे बराच फरक पडलाय, म्हणाल्या. मशीन घालत राहा, माणसांत बसवा, बोलतं ठेवा. "पण क्रांतीताई, जे राहिलंय ते कानांमुळे नाही. सुरुवात आहे. सावकाश जाईल, पण जाईल." मी फाईलच्या पट्टीशी खेळत होते. "भावाला सांगा. हे एकटीने पेलायचं काम नाही. सांगाल ना?"

सांगेन म्हटलं.

आई बाहेर बाकावर. "पास का?"

"मागच्यापेक्षा आठ मार्क जास्त."

"मंग बरं." येताना भडंगाचा पुडा घेतला. तिने मला आणि सृष्टीला मोजून सारखे वाटे केले. अगदी सारखे. मी वेड्यासारखी त्या वाट्यांकडे बघत बसले.

२१ सप्टेंबर, रविवार

तात्यांचा फोन. वर्षावासाची शेवटची पौर्णिमा सात ऑक्टोबरला. मी फोन स्पीकरवर टाकला. आईच्या कानांत मशीन होतं आणि तिने ते काढलं नाही.

"आवं पारूआक्का, पुनवंला तुमीच म्हनायचं बरं का. शेवटचा दिस हाय."

"न्हाई रं राजाराम. कान गेलं माजं. मागनं लोक म्हनत्यात ते ऐकू येत न्हाई, कुटवर आले कळत न्हाई. पोरींना म्हनू द्या आता. मी मागं बसंन."

"तर तर! मागं बसून पोरींच्या चुका काडशीला."

"त्या काडनारच की! न्हाई काडल्या तर आक्का मेली म्हनत्याल लोक."

तात्या मोठ्याने हसले. ती पण हसली. फोन बंद झाल्यावर दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारी जेवायला उठली नाही.

बत्तीस वर्षं! आणि किती अलगद सोडून दिलं. कुणाला शंकासुद्धा आली नाही. एवढी हुशार बाई. डॉक्टरांच्या कागदावर याला मार्क नाहीत.

२८ सप्टेंबर

गॅस चालू ठेवून आज मीच गॅलरीत गेले. दूध करपलं. आईने बंद केला. "एवडं भ्यायला काय झालं? दूध हाय, जातं उतू."

भीती तिच्यासमोर लपवता येत नाही. तिचं ते अजून शाबूत आहे.

५ ऑक्टोबर

उद्या गावी निघायचं. कपिल, अक्षता आणि त्यांचा मुलगा जयराज परवा सकाळी पोचतील. कपिलचा मेसेज – 'घराचं काय ते पौर्णिमेला ठरवून टाकू. आईचे रिपोर्ट आण.'

मी त्याला सांगणार आहे. ठरवलंय. तो वाईट नाही. घाबरलाय, माझ्यासारखाच. सांगितल्यावर काय होईल तेही मला माहीत आहे. घराला कुलूप, आई चौथ्या मजल्यावर. मी म्हणेन, दिवाळीपर्यंत तिला गावीच राहू दे, तात्यांची सून दोन वेळा डोकावेल, शनिवार-रविवार मी येईन. तो म्हणेल, आणि सोमवार ते शुक्रवार? त्याचं बरोबर आहे. मला शाळा आहे, सृष्टीची बारावी येतेय. आणि आईला सांगलीचं घर तरी कुठे हवंय? किल्ली अजून ब्लाऊजमध्येच आहे.

पण न सांगणं म्हणजे तिच्याबरोबर आत बसून मीच आतून कडी लावणं. एखाद्या दिवशी काहीतरी पेटेल, किंवा ती ओढ्याकडे चालू लागेल, आणि तेव्हा 'मला माहीत होतं' हे फक्त मला माहीत असेल.

सांगायचंच. फाईल पिशवीत वर ठेवली आहे, सहज हाताला लागेल अशी.

७ ऑक्टोबर, मंगळवार. गावी

वंदना झाली. घरी चहा. कपिल समोर बसलेला. अक्षताने जयराजला पुढे केलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आई, हा कोण ओळखा बरं? याचं नाव काय?" कपिल एकटक आईकडे बघत होता. आईने पोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"जरा जोरात बोल, अक्षता," मी म्हटलं. "तिचं मशीन बंद पडलंय. जयराज, इकडे ये, आजीच्या कानाशी तुझं नाव सांग."

सेल सकाळीच बदलले होते. मीच.